उसना डावा हात

खोटे बोलू नये, हे आपण लहानपणीच घोकलेले असते. पण खोटे वाजवू नये, असे कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. हा प्रश्न यंदा माझ्यापुढे उभा राहिला तो भाच्याच्या खोलीत.

भाच्याला मेटल नावाच्या संगीताचे वेड आहे. त्याचा दणदणाट सुरू झाला की मी म्हणत असे, "स्वयंपाकघरात भांडी पडली वाटते!" त्याच्या मंडळीत ड्रम वाजवणारा मित्र नोकरीसाठी परगावी गेला, तेव्हा भाच्याने ड्रम संगणकावरच रचायला घेतले. खऱ्या ड्रमवरचे खरे आघात त्यात एकेक करून मुद्रित केलेले असतात. कोणता आघात केव्हा आणि किती जोराने, एवढे आपण लिहून द्यायचे. जोराचे आकडे १ ते १२७.

पहिल्या दिवशी त्याने सरसकट १२७ लिहिले. मिनिटाला २०० मात्रा आणि मात्रेत चार आघात. म्हणजे दोन आघातांमध्ये सेकंदाचा जेमतेम तेरावा हिस्सा. टाइपरायटरवर कोणी एकच अक्षर बडवीत बसावे, तसे ते वाटले.

"फारच बिनचूक झालंय," तो कुरकुरला. बिनचूकपणाची तक्रार करणारा मनुष्य मी जन्मात प्रथमच पाहिला!

मग त्याने यंत्राकडूनच चुका घालून घेतल्या. आकडे वाटेल तसे वरखाली, ठोके अंमळ पुढेमागे. तरी त्यातून माणूस काही उभा राहीना. यंत्रच झिंगल्यासारखे वाटू लागले.

"मामा, माणसाची चूक अशी वाटेल तशी नसते. तिला कारण असतं," तो म्हणाला. डावा हात उजव्याहून हलका पडतो. वेग फार वाढला की जोर घटतो. दोन्ही हात झांजांवर असतील, तर त्याच क्षणी तिसरा ठोका हाताने पडणे शक्य नाही. हात दोनच, पाय दोनच! संसारातल्या निम्म्या कटकटी हा साधा हिशेब विसरल्यामुळेच होत असाव्यात.

मला त्याचे म्हणणे पटले. चुकीला आपण नुसती उणीव समजतो. पण हस्ताक्षरातला वाकडा 'र' पाहूनच पत्र कोणाचे ते कळते ना? चूक ही देहाची सही असते.

सही म्हटली की ती कोणाची, हा प्रश्न आलाच. भाच्याने मित्राच्या जुन्या तालमींची मुद्रणे काढली. त्याचा डावा हात किती हलका पडतो, लांब पलट्याच्या शेवटी तो किती रेंगाळतो, हे सारे आकड्यांत उतरवले. गाणे जिवंत झाले. "ड्रमवर कोण?" असे कोणी विचारले की भाचा नुसता हसे.

दसऱ्याला मित्र घरी आला. गाणे ऐकताना आधी हसला, मग गप्प झाला.

"माझा डावा हातसुद्धा घेतलास," तो म्हणाला. "विचारलं मात्र नाहीस."

तोवर मी समजत होतो, फसवणूक झाली तर ती ऐकणाऱ्याची. पण ऐकणारा नाटकातल्या प्रेक्षकासारखा खुशीने फसतो. उणे होते ते ज्याची सवय उचलली त्याचे. स्वीडनच्या मेशुगा या मंडळीने २००५ साली 'कॅच थर्टीथ्री' ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यातले ड्रम संगणकावरच रचलेले होते. पण त्यासाठी मुद्रित केलेले आघात त्यांच्याच वादकाचे, टॉमस हाकेचे होते आणि ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. यंत्र तेच. फरक पडतो तो विचारण्याने आणि सांगण्याने.

भाचा ओशाळला. मित्राने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "आणि इथं मी इतका रेंगाळत नाही हं!" मध्यरात्रीपर्यंत दोघे एकेका आकड्यावरून भांडत होते. आता गाण्याखाली दोन ओळी आहेत. ड्रमची रचना भाच्याची. हातांची सवय मित्राची.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आजवर माझ्या लेखणीत किती उसने डावे हात वावरले असतील! तेव्हा निदान आजचा हिशेब चुकता करतो. भांडी पडल्याचा तो विनोद माझा नव्हे, माझ्या पत्नीचा आहे. तिला विचारले आहे.