उचलण्याआधी



हिरड्याच्या हंगामात आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली माणसे उंच झाडांवर चढतात. आंबा उतरवायला चढतात, शेळ्यांसाठी पाला तोडायला चढतात, मोटार काढायला विहिरीत उतरतात. पूर्वेकडे पुणे-नाशिक रस्त्यावर दुचाक्या आणि मालाचे टेम्पो रात्रंदिवस धावत असतात. कुणी झाडावरून पडतो, कुणी विहिरीत कोसळतो, कुणी रस्त्यावर फेकला जातो. हाक ऐकू येताच आसपासची माणसे हातातले काम टाकून धावतात. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या वाडीचा हे त्या वेळी कुणी विचारत नाही. हा आपल्या गावांचा मोठा गुण आहे आणि त्याबद्दल देवाचे आभार मानले पाहिजेत.

पण धावून आल्यावर आपण काय करतो? एकजण काखेत हात घालून पडलेल्याला उठवून बसवतो. दुसरा त्याचे पाय ओढून सरळ करतो. तिसरा तोंडाला पाण्याचा तांब्या लावतो. चौथा म्हणतो, "उभा राहून बघ, दोन पावले टाक, म्हणजे कळेल." मग त्याला दुमडून जीपच्या मागच्या सीटवर घातले जाते. आत वाडीला रस्ता नसेल, तर बांबूला घोंगडे बांधून झोळी करतात आणि त्यात तो धनुष्यासारखा वाकून डांबरी रस्त्यापर्यंत येतो. यातली प्रत्येक कृती मायेपोटी केलेली असते. आणि तरीही असे घडू शकते की, पडला त्या क्षणी ज्याच्या पायांची बोटे हलत होती, तो माणूस दवाखान्यात पोहोचेपर्यंत कमरेखाली लुळा झालेला असतो.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. हेतू शुद्ध होता, हात प्रेमाचे होते. मग झालेल्या हानीचे काय? मदत चांगली ठरायला चांगले मन पुरेसे आहे का?

प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी शरीराची रचना थोडी समजून घेऊ. आपला कणा लहान लहान मणक्यांचा बनलेला आहे : मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५ आणि त्याखाली एकमेकांना जुळलेले मणके. या मणक्यांच्या मधल्या पोकळीतून मेंदूपासून कमरेच्या वरच्या भागापर्यंत मज्जारज्जू जातो. हाताच्या करंगळीएवढाही तो जाड नसतो, पण हातपाय हलवणे, स्पर्श कळणे, लघवी-शौचाचा ताबा, सारे काही त्यातूनच चालते. हाड मोडले तर जुळते. मज्जारज्जू मात्र एकदा पुरता चिरडला की तो पूर्ववत करण्याचा उपाय आजही वैद्यकशास्त्राजवळ नाही. आता महत्त्वाची गोष्ट अशी की, पडताना मणका मोडला म्हणजे मज्जारज्जू तुटलाच असे नसते. अनेकदा मोडलेला तुकडा त्याच्या शेजारी केवळ टेकलेला असतो. त्या वेळी माणसाला वाकवले, पिळले, बसवले, तर तोच तुकडा आत घुसू शकतो. म्हणजे कधी कधी अपघाताने अर्धे राखलेले आपण उचलताना घालवतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी १३ व्या शतकात अज्ञानाचे दोन प्रकार वेगळे केले. एक अज्ञान असे की, माणसाने कितीही प्रयत्न केला तरी ते दूर होण्यासारखे नव्हते. त्याचा दोष लागत नाही. दुसरे असे की, थोडे कष्ट घेतले असते तर ते दूर झाले असते, पण आपण घेतले नाहीत. त्याची जबाबदारी आपल्यावर येते. आपल्या आजोबांना मज्जारज्जू ठाऊक नव्हता. त्यांनी झोळीतून माणूस नेला, तो त्यांच्या परीने धर्मच होता. आज परिस्थिती तशी नाही. शाळेत जाणारी आपली मुले कण्याचे चित्र काढतात, प्रत्येक घरात फोन आहे. मग आपले अज्ञान कोणत्या प्रकारात बसते, याचा विचार ज्याने त्याने करावा. प्रेम म्हणजे केवळ उमाळा नव्हे. ज्याच्यावर प्रेम करायचे त्याचे खरे भले कशात आहे, हे शिकून घेणे हाही प्रेमाचाच भाग आहे.

शुभवर्तमानातील पक्षघाती मनुष्याची गोष्ट आपणा सर्वांना माहीत आहे. चौघांनी त्याला बाजेसह उचलून आणले. गर्दीमुळे आत जाता येईना, तेव्हा त्यांनी छप्पर उघडून त्याला खाली सोडले. आपण त्यांच्या श्रद्धेचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या हातांकडेही जरा पाहावे. स्वतःला सावरू न शकणारा माणूस छपरातून खाली सोडायचा, तर चारी कोपरे एकाच गतीने उतरले पाहिजेत. एकाने घाई केली असती तर तो घसरून पडला असता. त्या चौघांपाशी श्रद्धा होती, तसेच एकमेकांकडे पाहून काम करण्याचे भानही होते. श्रद्धा असली की भान लागत नाही, असे ती गोष्ट सांगत नाही.

यावर कुणी म्हणेल, "असे घाबरवलेत तर उद्या कुणी अपघातग्रस्ताला हात लावणार नाही. तो रस्त्यावर पडून मरेल, त्याचे काय?" आक्षेप रास्त आहे. थांबणे आणि टाळणे यात फरक केला पाहिजे. जो बघून पुढे निघून जातो तो टाळतो. जो जवळ बसून, डोके स्थिर धरून, वाहनाची वाट पाहतो, तो थांबतो. आणि हे थांबणे उचलण्यापेक्षा जास्त धीराचे काम आहे. शिवाय आग, पाण्यात बुडणे, अंगावर येणारी वाहने, श्वास बंद पडणे किंवा रक्ताची धार लागणे, असा धोका असेल, तर जीव आधी आणि कणा नंतर. तेव्हा माणसाला हलवावेच लागते, फक्त शक्य तितके सरळ ठेवून.

पोलिसांच्या चौकशीची भीती हेही टाळण्याचे एक कारण असे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तशी तरतूदही आली. रस्त्यावरील जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्यामुळे दावा लावता येत नाही, आणि त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. कायद्याने अशा माणसाला जे इंग्रजी नाव दिले आहे, ते प्रभूच्या दृष्टान्तातील दयाळू शोमरोन्याचेच आहे.

तर मग प्रत्यक्षात करायचे काय? उंचावरून पडलेल्या किंवा वाहनाने उडवलेल्या माणसाचा कणा दुखावला आहे, असेच धरून चालावे. प्रथम १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. त्याला बसवू नये, उभे करून पाहू नये. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके आहे त्या स्थितीत धरावे आणि त्याच्याशी बोलत राहावे. पायाची बोटे हलतात का, स्पर्श कळतो का, हे विचारून ठेवावे. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. पाणी मागितले तरी पाजू नये, कारण ठसका लागू शकतो आणि शस्त्रक्रियेची गरजही पडू शकते. तहानलेल्याला पाणी नाकारणे आपल्या संस्कारात बसत नाही, मन कचरते. पण इथे ओल्या फडक्याने ओठ टिपणे हीच दया आहे. उलटी झाली किंवा हलवणे भागच पडले, तर चार-पाच जणांनी एकाच्या इशाऱ्यावर, डोके-पाठ-पाय एका रेषेत ठेवून, ओंडका वळवावा तसे एकसंध वळवावे. वाडीतून न्यायचे असेल, तर झोळीऐवजी दाराची फळी किंवा सपाट पट्ट्यांची बाज घ्यावी आणि त्याला पट्ट्यांनी बांधावे. फळी केवळ वाहून नेण्यापुरती; बधिर झालेल्या कातडीला कठीण लाकडावर लवकर जखमा होतात.

इथवर पहिल्या दिवसाचे झाले. खरी परीक्षा त्यानंतर असते. पहिल्या दिवशी सारा गाव गोळा होतो. पुण्याला न्यायला गाडी मिळते, वर्गणी होते. शस्त्रक्रिया होऊन माणूस खाटेवर परत येतो. सहाव्या महिन्यात त्याच्या दाराशी कोण असते? बहुतेक घरांत एकटी पत्नी किंवा म्हातारी आई. तीच त्याला कुशीवर वळवते, लघवीची नळी सांभाळते, अंथरूण बदलते, आणि तिची स्वतःची कंबर जाते ती वेगळीच.

एके काळी मज्जारज्जू दुखावलेली बहुतेक माणसे थोड्याच काळात बिछान्यातील जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने दगावत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी साधी पण चिकाटीची पद्धत घातली. रुग्णाला रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, मूत्राशयाची स्वच्छता पाळायची, आणि शक्य तितक्या लवकर त्याला कामाला, खेळाला लावायचे. त्यामुळे माणसे जगू लागली. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेल्या या ज्यू डॉक्टरांनी १९४८ साली सुरू केलेल्या व्हीलचेअरवरील खेळांतूनच पुढे पॅरालिम्पिक स्पर्धा उभ्या राहिल्या. १९७२ साली त्या हायडेलबर्ग येथे झाल्या, तेव्हा सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले होते. अशा जवानांसाठी आपल्या पुण्यात, खडकीला, १९७४ साली पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी तर चाकाच्या खुर्चीत बसूनच १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि आपल्यासारख्या अनेकांना शिक्षण व रोजगार मिळवून दिला.

ही नावे दिपवण्यासाठी दिलेली नाहीत. प्रत्येकाने पदक मिळवावे अशी अपेक्षा करणे हाही एक प्रकारचा अन्यायच आहे. या उदाहरणांतून एवढेच घ्यायचे की, खाटेवरचा माणूस हा केवळ आपल्या दयेचा विषय नाही. त्याला स्वतःचे मत आहे. "तुला आज कुठे बसायचे आहे? कोण यावे असे वाटते? कोणते काम जमेल?" हे त्यालाच विचारले पाहिजे. शोमरोन्याने जखमीला उतारशाळेत पोहोचवून पाठ फिरवली नाही; पैसे दिले आणि परत येण्याचे वचन दिले. मदतीतला अवघड भाग हे परत येणेच आहे.

जे लुळे पडलेले नाहीत, पण ज्यांची पाठ रोज दुखते, त्यांच्याविषयीही दोन शब्द. बटाटा काढताना, कांदा लावताना, भाताच्या लावणीत आपल्या भगिनी दिवसभर वाकलेल्या असतात. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट आणि मंचरला पोती उचलणाऱ्या बांधवांचीही तीच कथा. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात, चोळून घेतात. साधी उसण बहुधा काही आठवड्यांत हिंडत-फिरत आपोआप उतरते, आणि श्रेय पायाळूला जाते. पण पायातली शक्ती कमी होत असेल, बसण्याच्या जागी बधिरता येत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ताप, घटणारे वजन आणि रात्रीचे दुखणे असेल, तर कण्याचा क्षयरोगही असू शकतो. तो औषधांनी बरा होतो, मात्र उशीर झाला तर पाय जाऊ शकतात. "बायकांची कंबर दुखायचीच" म्हणून आपण किती दुखणी उडवून लावतो! १८ वर्षे वाकून चालणाऱ्या स्त्रीने सभास्थानात काही मागितले नव्हते; प्रभूने स्वतःहून तिला पाहिले आणि जवळ बोलावले. दुसऱ्याच्या वेदनेवर विश्वास ठेवणे ही मदतीची पहिली पायरी आहे.

म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर असे द्यावेसे वाटते : चांगले मन आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. त्याला दोन गोष्टींची जोड हवी. पहिल्या दिवशी ज्ञानाची, आणि पुढच्या हजार दिवसांत चिकाटीची. ज्ञान नसलेली माया इजा करते. चिकाटी नसलेली माया माणसाला एकटे टाकून जाते.

यातले काहीही आपल्या आवाक्याबाहेर नाही. एखाद्या रविवारी मिस्सानंतर तासभर थांबून, आपल्यातल्याच परिचारिका भगिनींकडून फळीवर माणूस कसा घ्यावा हे तरुणांनी हाताने करून शिकावे. ज्या घरी असा रुग्ण आहे, तिथे चार कुटुंबांनी आठवड्यातले वार वाटून घ्यावेत, म्हणजे त्या घरच्या माउलीला एक रात्र सलग झोप मिळेल. आणि आज घरी जाताना प्रवेशद्वाराच्या पायऱ्या मोजाव्यात. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्याला त्यातली एकही पायरी चढता येत नाही. त्याला दर वेळी उचलून आत आणायचे, की एक उतार बांधून त्याचा त्याला येऊ द्यायचे, हे आपण ठरवायचे आहे.