उबिनचा निवांतपणा

सिंगापूरच्या चांगी धक्क्यावर १२ प्रवासी जमले की बोट पुलाउ उबिन बेटाकडे निघते. थोड्याच वेळात तुम्ही सायकलवर, झाडांच्या सावलीत असता. ‘किती निवांत!’ असं सहज तोंडून निघतं. पण हा निवांतपणा मुळातला नव्हे. इथे ग्रॅनाइटच्या खाणी होत्या, हजारोंची वस्ती होती. शेवटची खाण १९९९ मध्ये बंद झाली. काम गेलं, माणसं गेली, खाणींत पाणी साचून देखणी तळी झाली. मग अशा जागी सुट्टी घालवणं गैर का? मला तसं वाटत नाही. जरूर जा. फक्त ‘इथे काळ थांबलाय’ म्हणू नका. इथे काळ नाही, कुणाचं तरी काम थांबलंय. कोकणातलं आपलं कुलूपबंद घर पाहून कुणी ‘किती शांत!’ म्हणालं, तर आपल्याला काय वाटेल?