आधी ऐक, मग बोल

पिंक फ्लॉइडच्या पहिल्या अल्बमवरचा तुझा लेख वाचला. चार पानांतली तीन पानं बँडचा गिटारवादक सिड बॅरेट याच्या एलएसडीवर आणि त्याचं डोकं फिरण्यावर. गाण्यांवर दोन ओळी, त्याही ‘भन्नाट’ आणि ‘गूढ’ असल्या मोघम शब्दांच्या. अल्बम ऐकून लिहिलंस, की किस्से गोळा करून?

‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ १९६७ च्या फेब्रुवारी ते मे या काळात लंडनच्या ॲबी रोडवर, ईएमआयच्या स्टुडिओत मुद्रित झाला. निर्माता नॉर्मन स्मिथ, बीटल्सचा इंजिनिअर राहिलेला माणूस. ११ गाणी. आठ एकट्या बॅरेटची, दोन बँडमधल्या चौघांची मिळून, एक रॉजर वॉटर्सचं. बॅरेट तेव्हा २१ वर्षांचा होता.

‘मटिल्डा मदर’ घे. त्यात आधी हिलेअर बेलॉकच्या बालकविता होत्या. त्या वापरायची परवानगी मिळाली नाही. मग बॅरेटनं त्याच चालीवर स्वतःचे शब्द बसवले, आईनं गोष्ट पुढे सांगावी म्हणून हट्ट धरणारं मूल उभं केलं. हे डोकं ठिकाणावर ठेवून, बसून केलेलं काम आहे. तुझ्या लेखात या गाण्याचं नावसुद्धा नाही!

तो आजारी पडला, हे खरं. त्याच्याबरोबर काम करणं बाकीच्यांना अशक्य झालं, तेही खरं. १९६८ च्या जानेवारीत डेव्हिड गिलमूर बँडमध्ये आला आणि एप्रिलमध्ये बॅरेट बाहेर पडल्याचं जाहीर झालं. हे जरूर लिही, लपवू नकोस. पण आजाराला प्रतिभा म्हणतोस, ते मी खपवून घेणार नाही. एलएसडी घेणारी पोरं त्या लंडनमध्ये पैशाला पासरी होती. ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिने’ हे गाणं मात्र एकाच्याच हातून आलं. आणि ज्या आजारानं त्याची गिटार सुटली, त्यालाच गाण्यांचं श्रेय द्यायचं? हा कुठला न्याय?

२००६ मध्ये, साठाव्या वर्षी, तो केंब्रिजमध्ये वारला. शेवटची कितीतरी वर्षं तो रॉजर या मूळ नावानं राहिला, चित्रं काढत, बाग करत. दाराशी येणाऱ्या चाहत्यांचा त्याला त्रास व्हायचा. तुझी ती तीन पानं म्हणजे त्याच दारावरची आणखी एक थाप आहे.

आता वही-पेन घेऊन बस. स्टिरिओ प्रत लाव, हेडफोन घाल. ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’मध्ये सुरुवातीची उतरती ओळ किती वेळानं परत येते, आणि तेव्हा आवाज डाव्या-उजव्या कानांत कसा फेकला जातो, ते टिपून घे. रिक राइटचा ऑर्गन गिटारला कुठे सावरतो, ते शोध. ‘बाइक’मध्ये गाणं कुठे थांबतं आणि घड्याळं-घंटा कुठे सुरू होतात, ते लिही. एवढं जमलं की बॅरेटच्या आयुष्याविषयी बोलायला ये. तोवर माझ्यासमोर त्याचं नाव काढू नकोस.