बॅकअप नसलेली अडीच कोटी वर्षं

सरोवरं फार जगत नाहीत. नद्या गाळ आणतात, तळ वर येतो आणि काही हजार वर्षांत पाण्याची दलदल होते. सायबेरियातलं बैकल सरोवर याला अपवाद आहे. तिथे जमीनच फाटत चालली आहे. तळ खचत राहतो, त्यामुळे गाळ साचूनही ते भरत नाही. म्हणून ते सुमारे २.५ कोटी वर्षं टिकलंय आणि तब्बल १,६४२ मीटर खोल आहे.

एवढा वेळ हाताशी असला की जीवसृष्टी काय करते, हे तिथल्या अँफिपॉडांकडे बघून कळतं. हे कोळंबीचे लांबचे नातलग. साध्या सरोवरात त्यांच्या चार-दोन प्रजाती असतात. बैकलमध्ये प्रजाती-उपप्रजाती मिळून ३४० हून अधिक आहेत, आणि जवळपास सगळ्या मूळच्या तिथल्याच. पूर्वज मात्र मोजकेच होते. त्यांच्या वंशजांपैकी कुणी अंगावर काटेरी चिलखत चढवलं. थेट तळापर्यंत प्राणवायू पोचत असल्याने कुणी गडद अंधारात बिऱ्हाड केलं. माक्रोहेक्टोपस तळ सोडून खुल्या पाण्यात राहायला लागला. पॅकीशेसिस तर मोठ्या अँफिपॉडांच्या अंडी सांभाळायच्या पिशवीत परजीवी म्हणून राहतो.

१९६६ साली याच सरोवराच्या काठावर, बैकल्स्क गावी, कागदाच्या लगद्याचा कारखाना सुरू झाला. त्याचं सांडपाणी सरोवरात जायचं. कित्येक वर्षं वाद चालला आणि २०१३ मध्ये कारखाना बंद पडला. त्यामागे पैशाचं गणितही होतं. पण गाव त्याच कारखान्यावर जगत होतं. मग प्रश्न असा, की पाण्याखालच्या एका किड्यासाठी माणसाने नोकरी का गमवावी?

याचं नेहमीचं उत्तर म्हणजे उपयोग. हे प्राणी माशांचं खाद्य आहेत, तळाची सफाई करतात. मला हे उत्तर तकलादू वाटतं. ३४० मधले दहा गेले तर कदाचित सरोवराला फरकही पडणार नाही. मग ते दहा जाऊ द्यायचे का? दुसरं उत्तर म्हणजे वय. पण दगड त्याहून जुने असतात आणि आपण ते फोडून रस्त्यावर घालतो.

त्यात ग्मेलिनॉइडिस फॅसिआटस नावाचा अँफिपॉड आणखी गोंधळ घालतो. तोही बैकलचाच. १९६० आणि ७० च्या दशकांत सोव्हिएत संघात माशांना खाद्य म्हणून तो इतर जलाशयांत सोडला गेला. पुढे तो लाडोगा सरोवरात पसरला आणि तिथल्या स्थानिक अँफिपॉडाला त्याने हुसकावून लावलं. बैकलमध्ये जो ठेवा, तोच लाडोगात घुसखोर. म्हणजे मोल नुसत्या प्राण्याचं नाही. ते त्या प्राण्याच्या, त्या पाण्याच्या आणि मध्ये गेलेल्या काळाच्या नात्याचं आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे काही बिघडलं तर जुनं व्हर्जन परत आणता येतं, म्हणून आम्ही बिनधास्त बदल करतो. एखाद्या प्रजातीचा जीनोमही फाइलमध्ये साठवता येईल. पण तो झाला नुसता कोड. तो ज्यावर चालतो ते थंड, खोल पाणी, ते शेजारी, ते शत्रू फाइलमध्ये मावत नाहीत. इथे रोलबॅक नाही.

प्रजाती आपोआपही नामशेष होतात, हे खरं. पण मरण नैसर्गिक आहे म्हणून कुणी खुनाचा खटला मागे घेत नाही.

म्हणून माझं उत्तर असं: किडा कामगारापेक्षा मोठा नाही, पण दोघांच्या नुकसानीत फरक आहे. कामगाराला दुसरी नोकरी, भरपाई, नवं शिक्षण देता येतं. नामशेष झालेल्या अँफिपॉडाला काहीच देता येत नाही. जिथे भरपाई शक्य आहे तिथेच झीज सोसावी, हे मला न्याय्य वाटतं.

मात्र हा युक्तिवाद फुकटात मिळत नाही. 'भरपाई देता येते' म्हणून आपण कामगाराला थांबवलं, तर ती भरपाई खरोखर त्याच्या हातात पडली पाहिजे. नाहीतर आपण सरोवर वाचवलं असं म्हणायचं, आणि बिल मात्र काठावरच्या गावाने भरायचं.