आधी साखर, मग ओळख

साखर वाढते तेव्हा शरीर कुरकुरतं. तहान लागते, डोळे जड होतात, पाय ओढतात. साखर पडते तेव्हा मात्र आधी माणूसच जातो. मेंदू चालतो तो रक्तातल्या ग्लुकोजवर, आणि त्याला त्याचा साठा करून ठेवता येत नाही. मीटरवरचा आकडा ७० च्या खाली गेला की घाम सुटतो, हात कापतात, छाती धडधडते. ५४ च्या खाली गेला की जीभ अडखळते, कारण नसताना राग येतो आणि आपल्याला काही झालंय हेच कळेनासं होतं. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असते. पण ती काढून तोंडात टाकायची असते हे जिला ठाऊक आहे, ती बाई त्या वेळी जागेवर नसते.

लहानपणापासून मला टाईप वन मधुमेह आहे, आणि आता माझी पन्नाशी उलटली. या आजारातला माझ्या लेखी सगळ्यात अवघड प्रश्न डॉक्टरांना विचारायचा नाही, तो धर्माचा आहे. जिला मागता येत नाही, जिची खात्री पटवून घेता येत नाही, जी पुढे आलेला हात झिडकारते, तिला कुणी का द्यावं?

पुण्याहून साताऱ्याला येताना एकदा खंबाटकी घाटात आमची एसटी अडकली. जेवण वेळेवर झालं होतं, इन्सुलिनचा हिशेब बरोबर होता. पण हा आजार कधी कधी बरोबर हिशेबालाही जुमानत नाही. खिडकीची दांडी हाताला लागेना, एवढंच मला आठवतं. पुढचं कंडक्टरनी सांगितलं. मी घामानं निथळत होते, मान हलवत होते, काहीबाही पुटपुटत होते. मागच्या सीटवरचे एक गृहस्थ म्हणाले, बाई पिऊन आलेली दिसते. पुढच्या बाईंनी हात जोडले. मंगळवार होता, त्यांना वाटलं अंगात आलंय. कुणी लिंबू आहे का म्हणून विचारायला लागलं. निम्मी बस मला देवी समजत होती आणि निम्मी दारू प्यायलेली, पण अंतर दोघांनीही सारखंच राखलं होतं.

मग आळंदीहून परतणारी एक म्हातारी जागेवरून उठली. तिनं लुगड्याच्या पदरानं माझी मान पुसली, तिथेच हात ठेवला आणि म्हणाली, "घाम गार हाय. हिची साखर पडलीया. आमच्या मालकांचं बी असंच व्हायचं." तिच्या पिशवीत माउलींचा प्रसाद होता, चुरमुरे आणि साखरफुटाणे. तिनं मूठभर साखरफुटाणे पाण्याच्या बाटलीत टाकले आणि वरची साखर विरघळेपर्यंत बाटली हलवत राहिली. फुटाणे तळाला राहिले, पाणी दुधट झालं. ते तिनं बोटानं आधी माझ्या ओठाला लावलं. "गीळ बघू पोरी." मी गिळलं तेव्हाच तिनं घोट दिला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं, ते श्वासनलिकेत जातं. तशा वेळी १०८ ला फोन करायचा असतो. हे शहाणपण तिला नवऱ्याच्या दुखण्यानं दिलं असावं. मी तिचा हात झटकला म्हणे, लागेल असं बोलले म्हणे. तिनं बाटली पुन्हा पुढे केली. मी भानावर आल्यावर बोट टोचून पाहिलं तर ५८ दिसले, आणि तेही साखर पोटात गेल्यानंतर. सुरूर फाट्याला ती उतरून गेली. नाव विचारायचं मला सुचेपर्यंत गाडी सुटली होती.

आईला सांगितलं तेव्हा ती डोळे मिटून म्हणाली, "पांडुरंगच आला गं बाई." आमचं घर वारकऱ्यांचं. मीही पंढरीला जाते, आणि आईच्या या वाक्यामागची श्रद्धा माझीही आहे. तरी हे वाक्य मला मान्य करता येत नाही. पांडुरंग आला असेल तर त्याला मी कोण ते ठाऊक होतं. माझी साखर किती, मी प्यायलेली नाही, सगळं ठाऊक होतं. म्हातारीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिचा अंदाज चुकू शकत होता, मी तिच्या अंगावर ओकू शकत होते, बसमधले लोक तिलाच नावं ठेवू शकत होते. तरी तिनं एका परक्या बाईच्या घामेजलेल्या मानेवर हात ठेवला. न जाणता विश्वास टाकणं सर्वज्ञ देवाला शक्यच नाही. ते माणसालाच करता येतं, आणि म्हणून त्याचं श्रेय माणसाकडून काढून देवाच्या पायी वाहणं मला चोरीसारखं वाटतं.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणं सांगितली आहेत. देणं कर्तव्य म्हणून द्यावं, परतफेड न करू शकणाऱ्याला द्यावं, आणि देश, काळ, पात्र पाहून द्यावं. पहिल्या दोन लक्षणांना म्हातारी पुरेपूर उतरली. मी अडते ती शेवटच्या अटीपाशी. पात्रता पाहायला वेळ लागतो, आणि साखर पडलेल्या माणसाकडे तोच नसतो. आई लगेच नाथमहाराजांची गोष्ट काढते. रामेश्वराला नेत असलेलं काशीचं पाणी त्यांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजलं. त्यांनी कुठे पात्रता पाहिली, असं तिचं म्हणणं. पण वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाची तहान कुणालाही दिसते. माझी गरज तशी दिसत नव्हती. ती व्यसनासारखी दिसत होती, नाहीतर देवीच्या संचारासारखी. बसमधली माणसं वाईट नव्हती. प्रवासात गुंगीचं बिस्कीट खाऊन लुबाडले गेलेले लोक आपण ऐकलेले असतात, सावध राहण्यात पाप नाही. फक्त, ती सगळी मी कोण आहे हे ठरवत बसली होती, आणि म्हातारीनं हात लावून मला काय हवंय तेवढं पाहिलं.

पात्रतेचा असाच एक प्रश्न आमच्या घरात आधी येऊन गेला होता. मला मधुमेह निघाला तो १९८५ च्या सुमारास. माझे वडील, अण्णा, शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ, घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांना त्यांनी सरळ विचारलं, हे औषध कशाचं? डॉक्टरांनीही सरळ सांगितलं: गाईबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढतात. तेव्हा आपल्याकडे दुसरं इन्सुलिन मिळत नव्हतं. अण्णा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी काचेची सिरिंज पातेल्यात उकळली, माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेली बाटली काढली आणि माझ्या मांडीत सुई टोचली. मग बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून नळी तापवली आणि रंग विटकरी होतो की हिरवा, हे बघत उभे राहिले. माळ त्यांनी उतरवली नाही. प्रायश्चित्तही घेतलं नाही. इंजेक्शन झालं की ते गोठ्यात जायचे आणि काही न बोलता बैलाच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ थांबायचे. पुढे जिवाणू आणि यीस्टकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन आलं, आमचा प्रश्न कागदोपत्री मिटला. अण्णांचं गोठ्यात जाऊन थांबणं सुटलं नाही.

शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मतःच चार ऋणं घेऊन येतो असं सांगितलंय. देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं ऋण सगळ्यांना पाठ असतं. चौथं माणसांचं, आणि ते फेडायचं ते माणसांना आसरा देऊन, अन्न देऊन. ज्यानं दिलं त्यालाच परत करायची अट त्यात नाही. मला हे चौथं ऋण रोज टोचून घ्यावं लागतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवून मिळवणं, एवढाच इलाज होता. पुढच्याच वर्षी बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. खटाव तालुक्यातली एक मुलगी त्यावर जगणार आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आणि ज्या जनावरांचं इन्सुलिन माझ्या अंगात गेलं त्यांना तर कुणी विचारलंही नव्हतं. अण्णांना हा फरक कळत होता असं मला वाटतं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. माझ्या टेबलाच्या खणात साखरेची बरणी असते, आणि साखर पडलेला माणूस कसा ओळखायचा हे मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते. मध्यंतरी दोन विद्यार्थिनींबरोबर साताऱ्याच्या स्टँडवर उभी होते. बाकावरून एक माणूस खाली घसरला. गार घाम, कापणारे हात. तोंडाला दारूचा वास येत होता, त्यात शंका नव्हती. मी त्याला गिळायला लावून पाहिलं आणि साखर-पाणी दिलं. त्यानं ते घटाघटा प्यायलं आणि बऱ्याच वेळानं बाकावर सरळ बसला. मुली माझ्याकडे बघत राहिल्या. "मॅडम, तो तर खरंच प्यायलेला होता." होता. पण उपाशीपोटी प्यायलेल्या माणसाचं यकृत दारू निस्तरण्यात गुंततं आणि रक्तात साखर सोडायचं काम मागे पडतं. त्याचीही साखर पडते, आणि तिथे उभं राहून वासावरून ते वेगळं काढता येत नाही.

"आणि मॅडम, तो रोज असाच पडला तर?" धाकटीनं विचारलं. रोज पडला तर त्याच्या घरच्यांना गाठावं लागेल, दारू सोडवणाऱ्यांकडे न्यावं लागेल, पैसे हातात द्यायचे की नाही याचा विचार करावा लागेल. तिथे पात्रता पाहावीच लागते, आणि तिथे मला गीतेचं म्हणणं पटतं. हे सगळं मी तिला सांगितलं. तिला ते पुरेसं वाटलं नाही, गाडी लागेपर्यंत ती माझ्याशी वाद घालत होती.