हात थांबवण्याचा दिवस

ज्यू लोक दर सातव्या दिवशी काम बंद ठेवतात याचा रोमन तत्त्वज्ञ सेनेकाला भारी राग. आयुष्याचा सातवा हिस्सा ही माणसं वाया घालवतात, असं त्याचं म्हणणं. हा सातवा दिवस, शब्बाथ, म्हणजे नुसता आराम असता, तर त्याचा हिशेब बिनचूक ठरला असता.

पण आराम का, याचं कारणच तोरात, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, एक नाही. दहा आज्ञा तिथे दोनदा येतात. त्यातल्या 'निर्गम' या पुस्तकात शब्बाथचं कारण देवाचं: सहा दिवसांत त्याने सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी तो थांबला. 'अनुवाद' या पुस्तकात कारण माणसाचं: तू मिसरात गुलाम होतास, ते विसरू नकोस; तेव्हा तुझा दास, दासी, बैल, गाढव, दारचा परका, सगळ्यांना विसावा मिळू दे. एक कारण आभाळातलं, दुसरं गोठ्यातलं. परंपरेने दोन्ही धरून ठेवली.

इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या नियमसंग्रहात राब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, निषिद्ध कामांची यादी दिली: चाळीस उणे एक. पेरणी, कापणी, दळण, विणकाम, विस्तव पेटवणं, विझवणं. गंमत अशी, की या यादीत कष्ट मोजलेलेच नाहीत. घरातल्या घरात जड बाक सरकवला तर यादीतलं काही मोडत नाही. बसल्या जागी दोन अक्षरं लिहिली, तर मोडतं. निवडणंही त्यात आहे. पानातल्या भातात खडा दिसला तर खडा वेचून टाकायचा नाही, खायचा तेवढा भात बाजूला घ्यायचा. बाहेरच्याला हा निव्वळ कीस वाटेल. मला शब्बाथचं मर्म त्या खड्यापाशीच दिसतं. सहा दिवस माणूस जगाला आपल्या सोयीचं करत असतो. एक दिवस ते आहे तसं घ्यायचं. सृष्टीची मालकी आपली नाही, हे नुसतं म्हणून भागत नाही, हाताला ते शिकवावं लागतं.

शब्बाथपायी जीवही गेले. इ.स.पू. दुसऱ्या शतकात सेल्युसिड या ग्रीक राजवटीविरुद्धच्या ज्यूंच्या बंडात काही जणांनी शब्बाथला शस्त्र उचललं नाही आणि ते बायकामुलांसह मारले गेले. त्यानंतर बंडाचा म्होरक्या मत्तथिया याच्या लोकांनी ठरवलं, चालून आले तर लढायचं. मिश्नावरच्या चर्चेतून घडलेल्या तालमूदने पुढे जीव वाचवणं शब्बाथच्या वर ठेवलं.

16व्या शतकात गालीलमधल्या सफेद गावच्या गूढवाद्यांनी या दिवसाला नवरी मानून शुक्रवारी तिन्हीसांजेला शेतात सामोरं जायला सुरुवात केली. श्लोमो अल्काबेट्झचं 'लेखा दोदी' हे स्वागतगीत तिथलंच. कायद्याला आता ओढ लागली. नाझींच्या संहारात आई आणि बहिणी गमावलेल्या राब्बी अब्राहम जोशुआ हेशलने 1951 साली 'द सॅबथ'मध्ये मांडलं, की ज्यूंचं पावित्र्य जागेत कमी, काळात जास्त आहे. जेरुसलेमचं मंदिर रोमनांनी इ.स. 70मध्ये पाडलं, शुक्रवारची संध्याकाळ पाडायची कशी?

कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंपर्यंत शतकानुशतकं मिश्ना-तालमूद पोचलेच नव्हते. तरी तेल गाळणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. मिश्नात तेलाचा विषयही आहे. शम्माई आणि हिल्लेल या दोन गुरूंच्या शिष्यांचं एरवी पटायचं नाही. शुक्रवारी भिजत घातलेली शाई शब्बाथभर मुरू द्यावी का, यावरही वाद. पण जैतुणाच्या घाण्यावर आदल्या दिवशी दाबाचं लाकूड चढवून ठेवावं, मग तेल आपलं आपण गळत राहो, याला दोघांचीही मान्यता होती. कोकणातल्या तेल्याला ही सवलत माहीत असती तरी तिचा उपयोग शून्य. त्याचा घाणा बैलाशिवाय फिरत नसे, आणि बैलाची सुट्टी तर थेट आज्ञेतच लिहिलेली.