डबीवर काय लिहिलंयस, वाच!

उभा राहा. आणि मागच्या बाकांवरच्यांनो, तुम्हीही ऐका; याच्या व्हिडिओखाली टाळ्या पिटणारे तुम्हीच होतात.

"सरकार आयुर्वेदाचा गळा घोटतंय, लोकांना हक्काचं औषध मिळू देत नाही." तुझीच मुक्ताफळं ना ही? आणि त्याच दमात, "मधुमेह मुळासकट जाईल, गोळ्या बंद करा, डबी कुरिअरने घरपोच!"

कुठे घोटला रे गळा? आयुर्वेदिक औषध विकायला दुकानदाराला विक्रीचा परवानासुद्धा लागत नाही. किराणा दुकानात साबणाशेजारी च्यवनप्राश मिळतो. ग्रंथोक्त कल्प ग्रंथात सांगितलेल्याच रोगासाठी बनवला, तर नव्याने चाचण्या मागत नाहीत. वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी औषध केलं, तर उत्पादनाचा परवानाही नको. स्वतःच्या रुग्णासाठी! ज्याचं तोंडही पाहिलं नाहीस, तो गिऱ्हाईक. आणि तू अजून वैद्य झालेला नाहीस. रसशास्त्रात किती गुण पडले, ते चारचौघांत सांगायला लावू नकोस.

जाहिरातीआधी परवानगी मागणारा २०१८चा नियम १७० आयुष मंत्रालयानेच २०२४मध्ये वगळला. तरी हा रडतोच आहे! पण १९५४चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा जागेवर आहे. त्याच्या यादीत मधुमेह आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद.

आण ती डबी इकडे. घटकद्रव्यं? नाहीत. बॅच नंबर? नाही. परवाना क्रमांक, तारीख, काही नाही. कमळाचं चित्र मात्र झकास! आत बिब्बा, कुचला, वत्सनाभ असलं काही असेल, तर वैद्याच्या देखरेखीखाली घ्या, असा इशारा छापावा लागतो. उद्या कुणाला उलट्या सुरू झाल्या, तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने काय वाचायचं? कमळ?

नियम परकीयांनी लादले म्हणे! आपल्या शास्त्राइतकं कडक कोण होतं? भस्म पाण्यावर तरंगलं पाहिजे, बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे, अभ्रकभस्मात एक चमक उरता कामा नये. ताम्रभस्म दह्यात टाकलं आणि दही हिरवंनिळं पडलं, की ते कच्चं. पुन्हा पुटं द्यायची. हे करायचा कंटाळा, म्हणून बाजारातून आणलेलं चूर्ण डबीत भरलंस आणि परंपरेचं नाव पुढे केलंस. बोस्टनच्या दुकानांतली आयुर्वेदिक औषधं तपासली, त्याचा अहवाल २००४ साली छापून आला: सत्तरपैकी चौदांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. खाली मान आपल्याला घालावी लागली, ती असल्या उद्योगांमुळे.

नियमांत खोट नाही, असं मी म्हणत नाही. छोट्या प्रामाणिक वैद्यांना कागदपत्रांचा जाच होतो, तपासनीस अपुरे आहेत. त्यावर बोल, मी तुझ्याबरोबर सही करीन. पण ग्राहकाच्या हक्काची ढाल करून आपला गल्ला भरू नकोस.

व्हिडिओ आत्ता काढ. मग डब्या गेल्या त्या प्रत्येकाला फोन कर: चूर्ण थांबवा, डॉक्टरांना भेटा, साखर तपासा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद ठेवू नका. शेवटचा फोन होईपर्यंत माझ्या वर्गात पाऊल टाकायचं नाही.